कोरड्या पायांचे दर्यावर्दी

विश्रांतवाडीत राहणाऱ्या माणसाने सर्फिंगचे फोटो काढण्याचा छंद का लावून घ्यावा, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात एकदा येऊन गेला आहे. माझं उत्तर इतिवृत्तात घेतलेलं नाही, म्हणून इथे देतो. आमच्या भागात दुसऱ्या कशाचे फोटो काढायची सोयच नाही.

नकाशा उघडून बघा. पूर्वेला लोहगाव, तिथे हवाई दलाचा तळ. उत्तरेला दिघी, तिथे लष्कर. कळसला लष्करासाठी पूल बनवणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. मुळा ओलांडून खडकीला जावं तर बॉम्बे सॅपर्स आणि दारूगोळ्याचा कारखाना. निदान दक्षिणेला काही असेल म्हणावं, तर येरवड्याचं कारागृह. चारी दिशांना भिंती, भिंतींवर तारा आणि तारांखाली फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या. सुखोई आमच्या गॅलरीवरून जातं तेव्हा फोनवर बोलणारा माणूस मधेच थांबतो; पलीकडचाही विश्रांतवाडीचा असेल तर तोही थांबतो, आणि आवाज विरला की दोघं त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. पण विमान कितीही देखणं दिसलं तरी कॅमेरा वर करायचा नाही. थोडक्यात, आमच्याकडे वेगाने जाणारी प्रत्येक वस्तू संरक्षण खात्याची आहे, आणि जिचे फोटो काढायला कोणाचीच हरकत नाही ती वाहतूक चौकात उभी आहे.

वर्षातून एकदा माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडी करत पुण्यात जाते. त्या दिवशी आळंदी रस्त्यावर वारकऱ्यांच्या खालोखाल गर्दी लेन्सवाल्यांची असते. तुळस डोक्यावर घेतलेल्या एका आजींपुढे इतके जण गुडघ्यावर बसलेले मी पाहिले आहेत की आजींना वाटावं, यंदा दर्शनाची रांग उलटी लागली की काय. पण पालखी म्हणजे काही वेगाचं छायाचित्रण नव्हे. तिथे साध्या मोबाइलवरही भागतं. सहाशे मिलिमीटरची, दोन किलो वजनाची लेन्स घेऊन बसलेल्या माणसाने उरलेले तीनशे चौसष्ट दिवस करायचं काय?

सराव मात्र घरच्या घरी होतो, हे कबूल केलं पाहिजे. जुलैत दोन तास सलग पाऊस झाला की आमच्या खालच्या रस्त्यावर पाणी साठतं. समोरून बस आली की ते पाणी उठतं, त्याला कडा येते, कडेवर फेस येतो, आणि त्याच क्षणी एक दुचाकीस्वार त्यात शिरतो. त्याचं पुढचं वागणं मी तिसऱ्या मजल्यावरून वर्षानुवर्षं टिपलं आहे. तो आधी दोन्ही पाय उचलतो. मग गुडघे दुमडतो, खांदे पुढे झुकवतो, आणि नजर पाण्याकडे न ठेवता पलीकडच्या कोरड्या डांबराकडे ठेवतो. गुडघे वाकलेले आणि नजर जायचं त्या दिशेला, हा सर्फिंगच्या शाळेतला पहिल्या दिवसाचा धडा आहे; आळंदी रस्त्यावर तो शिकवणीशिवाय येतो. मागे बसलेल्या बाईंनी छत्री उघडली तर त्याला विंडसर्फिंग म्हणायचं. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर ठेवलं तर उडालेला एकेक थेंब हवेत गोठतो. साठाव्या भागाचं ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला तर स्वार स्पष्ट येतो आणि मागची दुकानं पुसली जातात, त्यामुळे चित्र परदेशातलं वाटतं. एका स्वाराने वर बघून विचारलं होतं, “काका, उद्याच्या पेपरात येणार का?” त्या प्रश्नापायी त्याचा तोल गेला. तो फोटो उत्तम आला आहे.

आता खऱ्या समुद्राकडे वळू. सर्फिंगचे जे फोटो पाहून आपण खुळावतो, त्यातले पुष्कळसे समुद्रात शिरलेल्या लांबलचक धक्क्यावरून काढलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचा धक्का त्यांचा मुकुटमणी. तिथला काँक्रीटचा धक्का १९१४ साली खुला झाला, तेव्हा जॉर्ज फ्रीथ या हवाईच्या पठ्ठ्याने लाटेवर उभं राहून लोकांना खेळ करून दाखवला होता. आजचा धक्का १९९२ चा आहे आणि अमेरिकेतली एक मोठी स्पर्धा दर वर्षी त्याच्या कुशीत भरते. धक्क्याचं महत्त्व फोटोवाल्याला विचारा. वाळूत उभं राहिलं तर समोर नुसता फेस दिसतो आणि फेसातून वर आलेलं एक डोकं. ते डोकं ऑलिंपिकपटूचं की बुडणाऱ्याचं हे घरी जाऊन फोटो मोठा केल्यावर कळतं. धक्क्यावरून लाट कडेने दिसते. तिचा निळा पोट-भाग, त्यावर तिरका धावणारा गडी, मागे उडालेली पाण्याची झालर, सगळं एका चौकटीत. शिवाय धक्क्याच्या खांबांपाशी वाळू साठून उंचवटे तयार होतात आणि लाटा तिथे नेमक्या फुटतात. म्हणजे नट स्वतःच रंगमंचाजवळ येतो. आणि टेकायला कठडा असतो.

आपल्याकडे हा बेत जमत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. आपल्या जेट्ट्या बोटीतून माणूस सुखरूप उतरावा म्हणून बांधल्या, तेव्हा त्या मुळातच शांत पाण्यात. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्गाला होड्या जातात, राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या सुटतात. मांडव्याला तर रो-रो बोट नीट लागावी म्हणून लाटा अडवणारी भिंतसुद्धा घातली आहे. त्या जेट्टीवर मोठी लेन्स लावून उभं राहिलं तर मिळतात ते मुंबईहून आलेले प्रवासी, आणि ते काही गुडघे वाकवून उतरत नाहीत. जिथे जेट्टी तिथे लाट नाही. जिथे लाट तिथे जेट्टी बांधली तर पहिल्याच पावसात तिचे खांब मोजायची वेळ येईल. केरळात वर्कलाला उंच कडा आहे, त्यावरून खालची सर्फर मंडळी छान दिसतात. पण आमच्या मंडळाला परवडणारं आणि एका रात्रीत गाठता येणारं ठिकाण म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाचं हरमल. नकाशात त्याला आरंबोल म्हणतात. वाळू संपते तिथे डोंगराच्या पायथ्याने खडकाळ वाट जाते. तो आमचा धक्का.

मंडळ म्हणजे मी, माझा मेहुणा आणि शेजारचे सुभेदारसाहेब. सुभेदारसाहेब फोटो काढत नाहीत, दुर्बीण आणतात. सर्फिंग त्यांना मान्य नाही. “हा काय उभा राहण्याचा प्रकार झाला? गुडघे वाकलेले, कंबर वाकलेली, हात कुठेही!” असं ते प्रत्येक सर्फरबद्दल म्हणतात आणि तरी दुर्बीण खाली ठेवत नाहीत. माझ्या फोटोंचे ते एकमेव आणि निर्दय परीक्षक आहेत. लाट कशी आली, चेहरा दिसतो का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ते फक्त समुद्राची रेघ बघतात. “क्षितिज डावीकडे उतरलंय.” सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने हलत्या माणसाचा पाठलाग करताना क्षितिज सरळ ठेवणं किती कठीण आहे हे मी सांगू लागलो की ते म्हणतात, “साहेब, ती देशाची हद्द आहे. वाकडी कशी चालेल?”

हंगामाचं गणितही मोठं चमत्कारिक आहे. अरबी समुद्राला खऱ्या मोठ्या लाटा येतात पावसाळ्यात. तेव्हा किनाऱ्यावर लाल बावटे, आकाशात काळोख. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी. पट्टीचे पोहणारे तेव्हा पाण्यात उतरत नाहीत आणि शहाणा माणूस लेन्स पिशवीतून काढत नाही. ऑक्टोबरनंतर ऊन येतं, पण लाटा समंजस होतात. ज्या लाटेवर ऑस्ट्रेलियातला मुलगा जांभई देईल, त्या लाटेवर आपल्याकडे वर्ग भरतो. त्यातही वेळ सकाळचीच. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, त्यांचा पहिला उपयोग मला वयाच्या पन्नाशीत झाला. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेला विंचरून काढतो, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि पश्चिम किनारा असल्यामुळे सूर्यही फोटोवाल्याच्या पाठीशी असतो. अकरा-बाराला खारा वारा सुटला की पाण्याचा चुरा होतो. म्हणजे दुपारी एक ते चार समुद्रही पुण्याचे नियम पाळतो. अडचण एवढीच की पहाटे सहाला खडकावर हजर राहायचं, आणि आमच्या मेहुण्याचा चहा झाल्याशिवाय सूर्याला उगवायची परवानगी नसते.

खडकावर बसलं की काय होतं? काही होत नाही. ही गोष्ट फोटो पाहणाऱ्याला कधी कळत नाही. लाटा झुंडीने येतात. चार-पाच चांगल्या येऊन गेल्या की समुद्र बराच वेळ सपाट पडून राहतो, आणि पंधरा-वीस माणसं आपापल्या फळ्यांवर बसून क्षितिजाकडे टक लावून असतात. खडकावर आम्हीही टक लावून. मग एक फुगवटा दिसतो. सगळे पोटावर पालथे पडून हातांनी वल्हवू लागतात, त्यातला एक उठतो, आणि नेमक्या त्या वेळी कोणीतरी आपल्याला विचारतं, “किती झूम होतो हो हा?”

हे कोणीतरी म्हणजे आपलाच माणूस. रशियन बघून पुढे जातो. दिल्लीवाला स्वतःचा फोटो काढून मागतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक इथला माणूस मात्र शेजारी बसतो, चप्पल काढतो आणि चौकशी सुरू करतो. ‘किती झूम होतो’ नंतर ‘कितीला पडला’ येतो. त्यावर ‘आत्ता स्वस्त झाले असतील’ अशी आपल्या जखमेवर फुंकर. ‘चंद्रावरचे खड्डे दिसतात का?’ हा प्रश्न लहान मुलाने विचारायचा असतो, पण तो बहुधा त्याचे वडील विचारतात. ‘कुठल्या चॅनेलचे?’ याला मी आता ‘विश्रांतवाडीचा’ असं उत्तर देतो; तेवढ्याने भागतं. मग ते कुटुंबाला हाक मारतात, “अगं ये इकडे, हे बघ, विश्रांतवाडीचे आहेत!” आणि त्या कुटुंबातल्या कोणाची तरी मावसबहीण धानोरीला निघतेच. तिचा पत्ता समजावून घेईपर्यंत झुंडीतली शेवटची लाट किनाऱ्याला लागलेली असते.

त्यानंतर सल्ले. ज्याने आयुष्यात गुडघाभर पाण्यापलीकडे पाय टाकलेला नाही तो माणूस दहा मिनिटं बघतो आणि सर्फरच्या चुका सांगू लागतो. “तो उशिरा उठतोय.” “वजन मागच्या पायावर हवं.” विशेष म्हणजे हे सल्ले पुष्कळदा बरोबर असतात. क्रिकेट पाहून पाहून तयार झालेली नजर आहे. ती कुठल्याही खेळात दुसऱ्याची चूक अचूक हेरते.

आणि हेरायला मालही भरपूर. किनाऱ्याजवळ कमरेइतक्या पाण्यात शिकाऊ मंडळी असतात. खराडीच्या किंवा हिंजवडीच्या कंपनीतून शुक्रवारी रात्री निघालेली, शनिवारी सकाळी मऊ फळीवर पालथी घातलेली. आधी वाळूवर कवायत होते: पालथं पडा, हात टेका, उसळी मारून उभे राहा. वाळूवर सगळे विश्वविजेते. मग पाण्यात शिकवणारा मुलगा लाट बघून फळीला मागून ढकलतो आणि ओरडतो, “उठ! उठ! उठ!” शिकाऊ माणूस उठतो आणि पहिल्यांदा काय करतो, तर आपले पाय जागेवर आहेत का ते खाली वाकून बघतो. तिथे खेळ संपतो. पाय असतात, फळी नसते. घोट्याला दोरी बांधलेली असते म्हणून ती थोड्या अंतरावर परत सापडते. माझा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. उभं राहण्याचा तो एक सेकंद मी पकडला तर दहा फोटोंत एक विजेता निघतो, आणि इन्स्टाग्रामवर तो माणूस आयुष्यभर उभाच राहतो. तो आडवा झाल्याचे पुढचे साठ फोटो माझ्याकडे सुरक्षित आहेत. मी ते कोणाला दाखवत नाही. सुभेदारसाहेब दाखवायला लावतात.

पडण्याला मात्र परंपरा मोठी आहे. मार्क ट्वेनने हवाईत हा खेळ करून पाहिला. १८६६ साली तो तिथे गेला होता. फळी किनाऱ्याला पोहोचली, तो पाण्याच्या तळाशी, असं त्यानेच लिहून ठेवलंय. अगाथा ख्रिस्ती मात्र १९२२ मध्ये होनोलुलूला फळीवर उभी राहायला शिकली. तिचे फळीसकट फोटो आहेत. त्यात ती कोरड्या वाळूवर फळी धरून उभी दिसते, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला पाण्यातल्या माणसापर्यंत पोहोचणं अवघड होतं. मग काही चक्रम माणसं निघाली. टॉम ब्लेक याने १९३० च्या सुमारास कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी पेटी करून तो थेट लाटेत नेला. जॉन बॉल हा कॅलिफोर्नियातला दातांचा डॉक्टर. दवाखाना सांभाळून सर्फिंगचे फोटो काढायचा आणि १९४६ मध्ये त्याने त्यांचं पुस्तक काढलं. दाताचा डॉक्टर या धंद्यात चमकावा हे मला पटतं. समोरचा माणूस तोंड उघडून घाबरलेला आहे आणि आपला हात हलता कामा नये, ही अट दोन्हीकडे सारखीच.

२९ जुलै २०२४ चा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. पॅरिस ऑलिंपिक, पण सर्फिंग ताहितीच्या तेआहुपोला. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना लाटेतून बाहेर पडतो, एक बोट वर करतो, आणि हवेत ताठ उभा. शेजारी त्याची फळीही तशीच ताठ, दोरीने बांधलेली. जेरोम ब्रुइए या छायाचित्रकाराने तो बोटीतून टिपला. लाटेला ९.९० गुण मिळाले होते. आमच्या सोसायटीच्या गटावर तो आला तेव्हा निम्म्या लोकांनी तो खोटा ठरवला आणि उरलेल्यांनी मला विचारलं, “तुम्हाला असा का जमत नाही?” सुभेदारसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. “हा,” ते म्हणाले, “सरळ उभा आहे.”

आपल्या देशात हा खेळ काही कालचा नाही. कर्नाटकात मुल्कीला २००४ पासून सर्फिंगचा क्लब आहे, आणि तो एका आश्रमाच्या आवारात सुरू झाला, ही गोष्ट कॅलिफोर्नियाला जमली नसती. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, त्यात रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं; या स्पर्धेतलं भारतीयाचं ते पहिलं वैयक्तिक पदक. नावं ऐकू येतात ती तमिळनाडू, केरळ, कर्नाटकातल्या कोळीवाड्यांतल्या आणि किनाऱ्यांवरच्या मुलांची. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा दिलेला होता, पण त्यावर आपण काय केलं? भेळ खाल्ली, घोड्यावर बसलो, आणि भरती केव्हा आहे हे न विचारता गाडी वाळूत घातली. आपल्या पोरांनी फळी हातात घेतली तर मला हरमलपर्यंत जावं लागणार नाही, हा माझा स्वार्थ मी लपवत नाही.

तोपर्यंत माझं मत असं आहे की लाटेवरच्या माणसाचे फोटो काढणं हा मध्यमवयीन पुणेकरासाठी समुद्रावरचा सर्वात योग्य खेळ आहे. भिजायचं दुसऱ्याने, पडायचं दुसऱ्याने, नाकातोंडात खारं पाणी दुसऱ्याच्या. आपण उंचावर, सावलीला, मताधिकारासह. खर्च काय तो लेन्सचा. आणि पुसण्याचा, कारण खाऱ्या तुषारांचा एक थर काचेवर बसतोच. तो गंजीफ्रॉकने पुसू नका. पुढे एक साधा फिल्टर लावा आणि मऊ फडकं ओलं करून वापरा. पांढरा फेस कॅमेऱ्याला फसवतो, सगळं चित्र काळपट करून ठेवतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्या. शटर हजाराच्या खाली आणू नका. खडकावर जाण्याआधी भरतीची वेळ बघा, कारण कोरडे पाय हा या छंदाचा पाया आहे.

आणि एवढं करा. फोटो काढून झाल्यावर खाली उतरा आणि ज्याचा काढला त्याला शोधा. परवानगी विचारा, बाईमाणूस असेल तर आधी विचारा. हा एकच खेळाडू असा आहे की तो रोज लाटेवर उभा राहतो आणि आपण कसे दिसतो हे त्याला ठाऊक नसतं. शिकवणाऱ्या पोरांकडे तर दुसऱ्यांचेच फोटो असतात. त्याचा नंबर घ्या आणि मूळ फोटो पाठवा, कोपऱ्यात स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत न छापता. फक्त पाठवण्याआधी क्षितिज सरळ करून घ्या.